सांगितल्याशिवाय सोडायचा नाही

दुपारच्या सुट्टीत विज्ञानाच्या नव्या बाई टॅब घेऊन प्रयोगशाळेत शिरल्या. उद्या तपासनीस येणार होते. बाई कायम होणार की घरी बसणार, हे त्यांच्यासमोरच्या पाठावर ठरणार होतं. टॅब माणसावर धरला की त्याचं हृदय नि फुप्फुसं पडद्यावर दिसतात, असं त्यातल्या ॲपच्या कंपनीचं म्हणणं होतं.

बाईंनी शिपाईमामांना फळ्यासमोर उभं राहायला सांगितलं आणि मान वर न करताच टॅब स्वतःच्या तोंडासमोर धरला. खोलीत खडूचा वास दाटला होता. पडद्यावर हळूहळू दोन गुलाबी फुप्फुसं उमटली. मामा दिसत नव्हते. ॲपची हीच तर करामत, असं बाईंना वाटलं.

"श्वास रोखा, मामा." फुप्फुसं फुगून थांबली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मामा दारातून आत आले. हातात खडूची पेटी. "खडू आणायला गेलो होतो. उभं कुठं राहू, बाई?"

बाईंनी टॅब खाली केला. फळ्यासमोर कुणीच नव्हतं. टॅब वर केला... फुप्फुसं तशीच, फुगलेली.

मामांनी पडद्यात डोकावून हळूच टोपी काढली. "हे आपले जुने सर."

जुने सर गेल्या वर्षी वारले होते. श्वसनाचा धडा शिकवताना ते मुलांबरोबर स्वतःही श्वास रोखत. सांगितल्याशिवाय सोडायचा नाही, हा त्यांचा नियम.

"चेहऱ्यावरून ओळखलंत?" बाईंनी विचारलं.

"चेहरा कुठाय... शिस्तीवरून."

बाईंची पाचावर धारण बसली. त्या पळाल्या, आणि 'सोडा' म्हणायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस स्वतःच फळ्यासमोर उभे राहिले. टॅबवर अक्षरं आली: हृदय आढळले नाही. मुलं खुसखुसली. बाजूच्या रिकाम्या जागेत मात्र फुप्फुसं होती, कालचीच. नोकरी चाललीच होती. बाईंनी धीर केला.

"सर... जरा उजवीकडे सरकता?"

तपासनीस सरकू लागले.

"तुम्ही नाही, सर."

फुप्फुसं सरकली आणि तपासनिसांच्या छातीत चपखल बसली. तपासनीस टॅबमध्ये वाकून बघत म्हणाले, "मी श्वास घेतोय, मग ही थांबलीत का?"

बाईंना एकदम आठवलं. फार वाईट वाटलं त्यांना.

"सोडा, सर," त्या पुटपुटल्या.

फळ्याखालची सगळी खडूची पूड हवेत उडाली. तपासनिसांनी मान चोळली, खिडक्या पाहिल्या, त्या बंद होत्या. घाईघाईनं 'उत्तम, कायम करावे' असा शेरा लिहून ते निघाले.

मामा मागून म्हणाले, "बाई, पाठीवर खडू लागलाय. झटकू?"

"कसा लागला?"

"शाबासकी दिल्यासारखा... पाचही बोटं आहेत."