पुरे म्हटल्यानंतरचा क्षण

दालनात येणारा प्रत्येक जण आधी रुमालाने तळहात कोरडा करायचा आणि मगच तो छायाचित्रावर ठेवायचा. पुण्यात आता याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. मुकुंद सबनीसांचा कॅमेरा प्रकाशाबरोबर समोरच्या माणसाच्या मज्जातंतूंमधले स्पंदही टिपायचा. छापलेल्या कागदावर हात टेकवला, की चित्रातल्या माणसाला जे जाणवलं ते आपल्याला जाणवे. हात उचलला की संपलं. सबनीस त्याला स्पर्शचित्र म्हणत.

मधल्या भिंतीवर हेमांगी होती. गुडघ्यांवर बसलेली, तागाच्या दोरीने हात पाठीमागे बांधलेले. बांधणारा नंदन बर्वे शिबारी, म्हणजे माणसाला दोराने बांधण्याची कला, जपानात राहून शिकला होता. तिथला नियम तो कटाक्षाने पाळी: बांधलेलं माणूस ‘पुरे’ म्हणालं, की ज्याने बांधलं त्यानेच लगेच सोडायचं.

“काय क्षण धरलाय, सबनीस!” एक समीक्षक हात झटकत म्हणाले. “सुटावंसं वाटतं आणि सुटता येत नाही.”

“बघू तरी, लोक एवढे का घाबरतात माझ्या चित्राला,” म्हणत शेजारीच उभ्या असलेल्या हेमांगीने स्वतःच्या चित्रावर हात ठेवला आणि उचलला. तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि तिथेच राहिले.

“नाटक नको गं,” नंदन हसला.

“नंदन, दोर सोड.” तिचा आवाज बारीक झाला होता. “दोर नाहीये, कळतंय मला. तरी सोड.”

डॉक्टरांना तिच्या हातांत काही दोष सापडला नाही. इतरांच्या शरीराला ते स्पंद परके वाटत, म्हणून विरून जात. हेमांगीच्या शरीराने ते आपलेच म्हणून ठेवून घेतले होते. चित्र जाळून उपयोग नव्हता. तिला पाणीसुद्धा कुणीतरी पाजावं लागे.

“पण आपण तुला सोडलं होतं ना,” सबनीस चाचरत म्हणाले.

“सोडलंत, काका. पण आधी मी ‘पुरे’ म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, जरा थांब, उजेड छान आलाय. तोच क्षण आहे तो.”

नंदनने मान खाली घातली. त्या वेळी त्याचाही हात थांबला होता.

तो तिच्या मागे बसून नसलेला दोर सोडवू लागे, तेव्हा तिचे हात मोकळे होत. पण थोड्याच वेळात परत मागे जात. ते मोकळेपण टिकायचं, तर तिने हात ठेवावा असं सुटण्याचंही स्पर्शचित्र हवं होतं. आणि सबनीसांनी आयुष्यभर गाठी सैल होऊ लागताच कॅमेरा बंद केला होता. सुटताना नेमका कुठला क्षण धरायचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घाईने धरला, तर ती अर्धवट बांधलेलीच राहणार. आणि तिने एकदा त्यावर हात ठेवला, की ते तिच्या शरीरातून पुसता येणार नव्हतं.

“तुम्ही ठरवू नका,” हेमांगी म्हणाली. “मी ‘पुरे’ म्हणेन, तेव्हा दाबा.”

नंदनची बोटं हवेतल्या गाठी उलट क्रमाने उकलू लागली. तिचा डावा खांदा सैलावला. कोपर हललं. एवढ्यात खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि तिच्या मानेवरून मनगटापर्यंत घरंगळत गेलं. असा उजेड सबनीसांना कधी मिळाला नव्हता.

त्यांचं बोट बटणावर आपोआप जड झालं. हेमांगीचे ओठ अजून मिटलेलेच होते.

या वेळी तरी ते थांबतील?