डावीकडची मुलगी

मी गुरुग्राममधल्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. आठवडाभर उपग्रहाच्या फोटोंवरून रस्ते दुरुस्त करायचे आणि शनिवार-रविवारी जुन्या दिल्लीच्या फोटोंवरून जागा ओळखायच्या, असं माझं सात वर्षं चाललंय. फेसबुकवर आमचा त्यासाठी एक ग्रुप आहे. लोक घरच्या अल्बममधले रस्त्याचे फोटो टाकतात आणि विचारतात, ही जागा कुठली. मला माणसांपेक्षा भिंती लक्षात राहतात. खांबावरचा आकडा, सज्ज्याला टेकू देणारे दगडी हात, सावलीची दिशा, एवढ्यावर बरंच काही सांगता येतं.

सुहासिनी काकू त्या ग्रुपमधूनच भेटल्या. सत्तर वर्षांच्या, एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. दिल्लीच्या द्वारका भागातच, माझ्या घरापासून दोन सेक्टर पलीकडे एकट्या राहायच्या. फोटो ग्रुपवर टाकायचा नव्हता म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं.

फोटो पोस्टकार्डापेक्षा जरा लहान होता. बाजाराचा चढता रस्ता, ट्रामचे रूळ, दुहेरीचे एकेरी होऊन डावीकडे वळत गेलेले. एका दुकानावर अर्धवट दिसणारी पाटी, ‘...घड़ीसाज़’. आणि रस्त्याच्या कडेला दोन लहान मुली, एकसारखे फ्रॉक, एकसारखे स्वेटर, लोकरीचे हातमोजे, हातात हात.

“डावीकडची मी,” काकू म्हणाल्या. “उजवीकडची प्रभा. जुळ्या आम्ही. एकोणसाठचा डिसेंबर. बाबांनी फोटो काढला, कॅमेरा पिशवीत ठेवला, वर बघितलं तर प्रभा नव्हती.”

“मग?”

“मग काही नाही. सापडली नाही.”

त्यांनी हे बसचा मार्ग सांगावा तसं सांगितलं. त्यांचे वडील, शशिकांत राजवाडे, सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. ती जागा कुठली, हे त्यांनी मुलीला कधीच सांगितलं नाही. विचारलं की ते उठून बाहेर जायचे. आता काकूंना ती जागा एकदा बघायची होती.

“बघून काय करणार, काकू?”

“उभी राहीन जरा.”

मला नऊ दिवस लागले. ट्राम दिल्लीत थोड्याच रस्त्यांवरून धावायची आणि रूळ असे दुहेरीचे एकेरी होऊन डावीकडे वळायचे, अशा जागा जुन्या नकाशावर तीनच होत्या. त्यातल्या एकाच ठिकाणी रस्ता रिजच्या टेकडीच्या दिशेने चढत होता. बाडा हिंदूराव. ज्या मराठा सरदाराचं नाव त्या भागाला आहे, त्याचंच नाव टेकडीवरच्या हॉस्पिटललाही आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी काकूंना फोन केला. त्या “बरं” म्हणाल्या.

शनिवारी सकाळी अकराला आम्ही तिथे पोचलो. जानेवारीचं धुरकट ऊन. रूळ केव्हाच गेलेले, पण रस्ता वळत तसाच होता. दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्याखाली फोटोतले ते दगडी हात होते, चारपैकी तीन शिल्लक. घड्याळजीच्या जागी दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान होतं. हातगाड्या, गोण्या, हॉर्न. मी फोटो समोर धरून दोन पावलं मागे गेलो, एक पाऊल बाजूला. सगळं जुळलं.

“इथे,” मी म्हणालो.

काकू तिथे उभ्या राहिल्या. हमाल त्यांना चुकवून जात होते. त्यांनी रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला काहीतरी करता आलं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. डावा हात शरीरापासून जरा लांब धरलेला.

दुकानातले म्हातारे लालाजी बाहेर आले. “माताजी, फिर आ गईं आप? परसों कहा तो था, कोई आएगी तो पर्ची दे दूँगा.”

“परसों?” मी विचारलं.

“आप भी तो थे. वहाँ खड़े थे, फ़ोन पर.” त्यांनी विजेच्या खांबाकडे बोट केलं. “यही फ़ोटो लाए थे.”

गुरुवारी मी सकाळी नऊपासून ऑफिसात होतो. दिवसभर मीटिंग होती आणि माझ्यासमोर सहा माणसं बसली होती. मी तसं सांगितलं. लालाजींनी खांदे उडवले, गल्ल्याखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि काकूंच्या हातात दिला.

मराठीत लिहिलेलं होतं. ‘सुहास आली तर तिला हा पत्ता द्यावा.’ खाली नोएडा, सेक्टर एकसष्टमधला पत्ता, फोन नंबर आणि सही, प्रभा.

काकूंनी तो कागद डोळ्यांजवळ नेला.

“अक्षर माझं आहे,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही लिहिलंत?”

“नाही.”

मी नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मी टॅक्सी बोलावली. कुणीतरी क्रूर चेष्टा करतंय, असं मला वाटत होतं. कोण करतंय ते बघायचं आणि पोलिसात जायचं, असं मी टॅक्सीत ठरवलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. यमुना ओलांडताना त्यांनी एकदाच विचारलं, “साकेत, मी जिवंत दिसते ना रे?” मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

नोएडातला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. पस्तिशीच्या एका बाईने दार उघडलं आणि काकूंकडे बघून म्हणाली, “आई? तुम्ही इतक्यात वापस? आणि कोट कुठे विसरलात?” मग तिची नजर साडीवर गेली, चपलांवर गेली, आणि तिने दाराची चौकट धरली.

“मी सुहासिनी,” काकू म्हणाल्या.

ती शिवांगी, प्रभाची सून. तिने आम्हाला आत बसवलं, पाणी आणलं. टेबलावर चार्जरला लावलेला फोन होता. आई फोन आवाज बंद ठेवून घरीच विसरून गेल्या, असं तिने सांगितलं.

“आईंनी नेहमी सांगितलंय,” शिवांगी म्हणाली, “त्यांची जुळी बहीण, सुहास, चार वर्षांची असताना बाजारात हरवली. आजोबांनी फोटो काढला आणि दोन मिनिटांत... यार, हे कसं... आमच्याकडे तो फोटो आहे.”

तिने आणून दाखवला. तोच फोटो, तीच पाटी, तेच रूळ.

“डावीकडच्या आई,” ती म्हणाली. “उजवीकडची सुहास मावशी.”

भिंतीवर फोटोंची रांग होती. मी उठून बघायला गेलो, कारण बसवत नव्हतं. काकूंच्या चेहऱ्याची एक बाई, नवऱ्याबरोबर, मुलाबरोबर, पानिपतला काला अंबच्या स्मारकापुढे सहलीच्या घोळक्यात. आणि एक लग्नाचा. नवरीशेजारी जाड चष्म्याचा एक गृहस्थ उभा होता. तो चेहरा मी काकूंच्या घरी हार घातलेल्या तसबिरीत पाहिला होता.

काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“बाबा,” त्या म्हणाल्या. “हे कधीचं?”

“आईंचं लग्न,” शिवांगी म्हणाली. “एकोणऐंशी. फेब्रुवारी.”

“त्या फेब्रुवारीत बाबांना टायफॉइड झाला होता. दीड महिना अंथरुणाला खिळून होते. मी रजा काढून उशाशी बसले होते.” त्या म्हणाल्या. “करोल बागेतल्या घरी.”

“आईंचं माहेर करोल बागेतच होतं,” शिवांगी हळूच म्हणाली आणि तिने घर नंबर सांगितला.

काकूंनी मान डोलावली. नंबर तोच होता.

मी शिवांगीला विचारलं, “तुमच्या सासूबाई कुठे गेल्यात?”

“द्वारकेला. सकाळीच. सुहासचा पत्ता मिळाला म्हणाल्या. ते जुने फोटो ओळखणारे आहेत ना कोणी, त्यांनी दिला. त्यांनीच जागापण शोधून दिली.”

“नाव काय त्यांचं?”

“साकेत म्हणून कोणीतरी. मी नाही भेटले.”

मी माझं नाव सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

आम्ही ठरवलं की काकूंनी इथेच थांबायचं. मी द्वारकेला जायचं, प्रभाबाई तिथे असतील तर त्यांना बसवून ठेवायचं. मेट्रोची ब्लू लाइन इथून सरळ द्वारकेला जाते. मध्ये बदलायचीसुद्धा गरज नाही. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. शिवांगीने सवयीने त्यांच्या पाठीशी उशी ठेवली.

द्वारकेत उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते. सोसायटीत मुलं क्रिकेट खेळत होती. मी जिना चढून गेलो.

काकूंचं दार उघडं होतं. सकाळी त्यांनी कुलूप लावलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

आत, जेवणाच्या टेबलाशी, मरून रंगाचा कोट घातलेली एक बाई बसली होती. तोच चेहरा. हात टेबलावर एकावर एक ठेवलेले.

“ये, साकेत,” ती म्हणाली. “सुहास नाही आली अजून.”

आवाजही तोच.

“तुम्ही आत कशा आलात?”

“दार उघडंच होतं.”

मला भीती वाटायला हवी होती. मी समोरची खुर्ची ओढून बसलो. मी सांगितलं की सुहासिनी काकू नोएडाला आहेत, तुमच्याच घरी, तुमच्या सुनेजवळ. ती ऐकत राहिली. डोळे भरले नाहीत, हात हलले नाहीत.

“बरी आहे?” तिने विचारलं.

“बऱ्या आहेत. बोला तुम्ही.”

मी काकूंना फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. मी फोन प्रभाबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला. कुणीच हॅलो म्हणालं नाही. मला फोनमधून नोएडाच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मग दोघी बोलल्या. एकाच वेळी, एकाच आवाजात, शब्दाला शब्द लागून.

“तू तिथेच थांब. मी येते.”

प्रभाबाईंनी फोन मला परत दिला आणि उठल्या.

“थांबा,” मी म्हणालो. “त्या निघतील आता. तुम्ही निघालात तर पुन्हा चुकामूक होईल. कृपा करून बसा.”

“तिला एकटीला कसं येऊ देऊ?” त्या कोटाची बटणं लावत म्हणाल्या. “लहान आहे ती माझ्यापेक्षा. दहा मिनिटांनी.”

मी दाराशी उभा राहिलो. त्या माझ्याजवळ आल्या, आणि मी बाजूला झालो. का झालो, ते मला अजून सांगता येत नाही.

त्या जिना उतरत असतानाच मी काकूंना पुन्हा फोन लावला. शिवांगीने उचलला.

“मावशी फोन इथेच ठेवून गेल्या,” ती म्हणाली. “मी खूप सांगितलं, बसा. ऐकलंच नाही. म्हणाल्या, ती लहान आहे माझ्यापेक्षा. दहा मिनिटांनी.”

मी धावत खाली गेलो. गेटपर्यंत गेलो, स्टेशनपर्यंत गेलो. मरून कोट दिसला नाही.

त्या संध्याकाळी नोएडाला कुणी पोचलं नाही. द्वारकेलाही नाही.

दोन ठिकाणी तक्रारी झाल्या. पाचव्या दिवशी पोलिसांनी मला बोलावून मेट्रोच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. मधलं एक स्टेशन, समोरासमोर दोन प्लॅटफॉर्म. दोन्हीकडच्या गाड्या एकदम येतात, एकदम जातात. इकडे मरून कोटातली एक बाई उरते, तिकडे साडीतली एक. दोघी रुळांपलीकडे एकमेकींकडे बघतात. दोघी हात वर करतात, तळवा पुढे, थांब म्हणावं तसा. मग दोघी वळतात आणि आपापल्या बाजूच्या जिन्याकडे चालू लागतात.

हवालदाराने जिन्यांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण लावलं. तारीख तीच, वेळ तीच. त्याने ते तीनदा पुढेमागे केलं.

दोन्ही जिने रिकामे होते. वरून कुणी उतरत नव्हतं, खालून कुणी चढत नव्हतं. फक्त खालच्या पायरीवर, दोन्हीकडे, उभं असलेलं कुणीतरी नुकतंच निघून जावं तसा एकेक लहान, लोकरीचा हातमोजा पडलेला होता.