मुकी सुई

दोन हजार सत्तेचाळीस सालच्या इचलकरंजीत आता कुणाचे कान वाजत नाहीत. एकेकाळी या गावात कान न वाजणारा म्हातारा शोधून सापडला नसता. चार पिढ्यांनी धोट्याच्या मागांची खटाखट ऐकली आणि उतारवयात डोक्यात रातकिडे घेऊन बसल्या. आता कानामागे एकच सुई टोचतात, की कायमचं गप्प. गावानं तिचं नाव ठेवलंय मुकी सुई. सगळे खूश आहेत. फक्त दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, की कावळ्यासाठी कुणी थांबत नाही. शिवला तर शिवला, नाहीतर दर्भाचा कावळा तयारच असतो. पाच मिनिटांत माणसं गाडीत जाऊन बसतात. गुरुजी तेवढे एकटेच घाटावर उभे राहतात, कारण त्यांनी सुई घेतलेली नाही.

कलावती म्हेतरनंही घेतली नव्हती. तिचे कान ठणठणीत होते. वाजायचे ते तिच्या नवऱ्याचे.

इराप्पा म्हेतर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारा. चाळीस माग धडधडत असताना कुठला कुरकुरतोय हे तो डोळे मिटून सांगायचा. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मागावरची माणसं ओठ वाचायला शिकतात. शिकतात कसली, दुधाबरोबरच पितात म्हणा ना. आणि नेमकं हेच विसरून इराप्पानं स्वतःच्या घराचा घात केला. त्याचा एकुलता एक मुलगा नागेश त्याच कारखान्यात कामाला होता. एके दिवशी त्यानं सुताचा अख्खा बीम, म्हणजे ताण्याचा भलामोठा रूळ, वाया घालवला. इराप्पा आठ माग पलीकडे उभा होता. रागाच्या भरात तो पुटपुटला, की असला पोरगा जन्मताच मेला असता तर बरं झालं असतं. आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही, त्याला कुठलं जायला? पण नागेशनं तेव्हाच मान वर केली होती. त्यानं माग बंद केला, हात पुसले आणि तो चालता झाला. त्याला सहा वर्षं झाली. ना फोन, ना पत्ता.

मग नवरा-बायको मिळून वाट बघू लागली. संध्याकाळी दोघं उंबऱ्यावर बसायची. कोल्हापूरची गाडी आज उशिरा असेल, असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं मान हलवायची. इराप्पा रडायचा, मग कलावती धीर द्यायची. कधी ती रडायची, मग तो. तेवढ्या आधारावर दिवस निघत होते. पण इराप्पाच्या कानातली शिट्टी वाढत गेली. झोप गेली, जेवण गेलं. भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा बिचारा. एकदा तर फडताळातली उंदीर मारायची पुडी कलावतीला त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला हाताला धरून सुईच्या दवाखान्यात नेलं. तिनंच नेलं, हे लक्षात ठेवा, कारण ती स्वतः ते कधी विसरू शकली नाही.

सुई लागू पडली. इराप्पा घोरायला लागला, अंगावर मांस चढलं. महिन्याभरानं नागेशचा वाढदिवस आला. कलावतीनं दरवर्षीसारखा शिरा केला. इराप्पानं दोन वाट्या चापला आणि आज काय विशेष म्हणून विचारलं. तिनं सांगितल्यावर म्हणाला, हां, हां, खरंच की. विसरला नव्हता तो. पोराचं नाव, तारीख, आपण काय पुटपुटलो होतो, सगळं त्याला आठवत होतं. टोचत नव्हतं एवढंच. कलावतीला रडू फुटलं तेव्हा त्यानं शेजारधर्म पाळावा तसं तिच्या पाठीवर थोपटलं आणि असेल कुठंतरी, तू जेव, असं सांगितलं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुझ्या जिभेनं घालवलंस त्याला, असं ती तोंडावर म्हणाली. खरं हाय तुझं, म्हणून त्यानं टीव्ही लावला.

दोन वर्षं ती उंबऱ्यावर एकटी बसली. मग एक दिवस उठून दवाखान्यात गेली.

डॉ. वैजयंती भिडे सुईचा शोध लावणाऱ्या गटात पहिल्यापासून होत्या. कलावतीनं त्यांना कान वाजतात म्हणून सांगितलं आणि नवऱ्याची शिट्टी जशीच्या तशी वर्णन केली. डॉक्टरांनी तिच्या डोक्याला यंत्र लावलं आणि दहा मिनिटांनी काढून ठेवलं.

"मावशी, तुमच्या कानांत काही आवाज नाही."

"न्हाईच. पण सुई नेमकं काय मारती, ते मला सांगा."

बाईंनी टाळलं नाही, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. त्यांनी समजावलं, की कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात आणि एकेक पेशी एकेका पट्टीचा आवाज मेंदूला कळवते. मागांच्या दणक्यानं त्यातल्या काही मरतात. मेंदूला मात्र ते पटत नाही. रोजचा निरोप का आला नाही म्हणून तो कान टवकारतो, आणखी टवकारतो, इतका की शेवटी त्याला स्वतःचीच घरघर ऐकू येते. तीच ती शिट्टी. वाजतो तो कान नव्हे, मेंदू. पूर्वी कानाला यंत्र लावायचे, दुसरा मंद आवाज ऐकवायचे, मनाला सवय लावायचे. त्यानं कमी व्हायचं, जायचं नाही. मग हे टवकारणं ज्यांच्यामुळे होतं त्या मेंदूतल्या पेशी सापडल्या. त्यांना नाव दिलं प्रतीक्षा-पेशी. जे यायला हवं आणि येत नाही, त्याची वाट बघणं एवढंच त्यांचं काम. सुई त्यांना कायमचं निजवते.

"आणि माणसाची वाट बघणाऱ्या पेशी येगळ्या असतात?"

"आम्हाला वाटलं होतं, वेगळ्या असतील," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच निघाल्या."

"मग कुणी बोललं कसं न्हाई?"

"कोण बोलणार? आम्ही प्रत्येकाला विचारत होतो, काही कमी झालंय का? सगळे नाही म्हणाले. जे गेलं ते गेल्यासारखं वाटायलाही त्याच पेशी लागतात, मावशी."

 कलावतीनं पदराचा काठ चुरगळत विचारलं, की ह्यांची शिट्टी परत घालता येईल का. वाजू देत कान, ती रात्रभर उशाशी बसेल, पुड्या लपवून ठेवील, पण निदान माणूस तरी परत मिळेल. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. निजलेल्या पेशी उठत नाहीत.

"मग मला टोचा."

"तुमचे कान चांगले आहेत. नियमात बसत नाही."

"भाईर बाकड्यावर बसलेल्या बायकांत निम्म्यांचे कान चांगले हायत. तुमास्नी ठावं हाय." मग ती म्हणाली, "दोघांचं दुःख मी एकटी किती वाहू?"

"आणि मुलगा आला तर?"

"सहा वर्सांत आला न्हाई."

डॉक्टरांनी कागदावर सही केली. त्यांनी करायला नको होती, आणि ते त्यांनाही कळत होतं. सुई मुंगी चावल्याएवढीच दुखली.

त्यानंतर अकराव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. नवरा-बायको जेवत होती. फोनवर नागेश होता. तो सुरतेला होता, लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बापावरचा राग गेला, असं तो अडखळत सांगत होता. मग तो रडायलाच लागला.

"आई, येऊ का गं?"

"ये की," कलावती म्हणाली. "उद्या नको, उद्या आम्ही वाडीला दर्शनाला जाणार. परवा ये."

 पलीकडून फोन बंद झाला. इराप्पानं कुणाचा म्हणून विचारलं, तिनं सांगितलं. काय म्हणतोय, तर येतो म्हणतोय. बरं, म्हणून त्यानं ताट पुढं केलं आणि तिनं आमटी वाढली. पोरगा रडत का होता, याचं तिला जरा नवल वाटलं, पण विचारायचं राहून गेलं.

परवा नागेश आला नाही. दोघांपैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.