मावशी आवाज साफ करायची

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल वाटून घ्यावं, माझं काही म्हणणं नाही.

आणि हो, मध्यरात्र वगैरे काही नव्हती. रविवारची भर दुपार. चौथा मजला. मागची छोटी खोली.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले तिनं. काका बस डेपोत मेकॅनिक. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. दोन वर्षांपूर्वी काका गेले आणि ते घर मावशीला खायला उठलं.

तेव्हा तिनं गाणी करायला घेतली.

स्वतःच लिहायची, स्वतःच चाल लावायची. चाल कशातून सुचेल त्याचा नेम नाही. लिफ्टचं दार कुरकुरलं की ही तोच सूर धरून बसणार. तालासाठी तांदळाचा डबा खुळखुळवायची. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायची. एकदा तर डोक्यावरून रजई घेऊन गायली आणि घामाघूम होऊन बाहेर आली. "गुदमरलेच असते गं, पण आवाज काय आलाय बघ!" हे वर मलाच फोन करून सांगितलं.

कॉम्प्युटरवर आवाज साफ करायला मीच शिकवलं तिला. सोपं असतं. आधी रिकाम्या खोलीचा थोडा आवाज रेकॉर्ड करायचा. पंखा, फ्रीज, रस्ता, जे काय असेल ते. मग कॉम्प्युटरला सांगायचं, हा कचरा. तो तेवढा कचरा गाण्यातून काढून टाकतो. मागे उरतो फक्त गाणाऱ्याचा आवाज.

मावशीला हे इतकं आवडलं की विचारू नका. प्रत्येक गाणं घासूनपुसून लख्ख. साफ केलेलं तेवढं ठेवायची, मूळचं पुसून टाकायची.

त्या रविवारी तिच्या हातून भलतीकडेच क्लिक झालं. गाणं ऐकायला गेली, तर स्वतःचा आवाजच नाही. काढून टाकलेला कचरा तेवढा वाजत होता.

पंख्याची घरघर...

फ्रीज...

आणि त्यांच्या मागे... कुणीतरी गुणगुणत होतं.

तिचंच गाणं. आदल्या दिवशी केलेलं. अजून कुणालाही न ऐकवलेलं.

पुरुषाचा आवाज. जरासा बेसूर. वर चढताना दम लागून घसरणारा...

ती घसरण तिनं उभा संसार ऐकली होती. ती गायला लागली की काका दाढी करता करता, बूट पुसता पुसता मागे गुणगुणायचे. आणि ही डाफरायची, "अहो, गप्प बसा बघू! सगळं गाणं नासवताय."

ते बिचारे गप्प बसायचे.

खोली रिकामी आहे असं समजून जो आवाज तिनं कचरा ठरवला होता, त्यात काका होते. प्रत्येक गाण्यातून तिनं आपल्या हातानं त्यांना वेचून बाहेर टाकलं होतं. आणि आता उरलेलं गुणगुणणं अगदी क्षीण होतं. खूप चालून थकलेल्या माणसासारखं.

मावशी ढसाढसा रडली.

त्या दिवसापासून साफसफाई बंद. खिडकी सताड उघडी, पंखा फुल्ल, आणि मावशी गातेय. गायची, रेकॉर्ड करायची, डोळे मिटून ऐकायची. हॉर्न होते. पंखा होता.

काका नव्हते.

"अहो, चुकलं माझं," ती त्या खोलीत एकटीच बोलायची. "म्हणा ना. बेसूर तर बेसूर. कोण ऐकतंय इथं?"

काहीच नाही...

"मीच घालवलं गं त्यांना," मला फोनवर म्हणाली. "त्यांना परत आण, मग माझा आवाज गेला तरी चालेल." मी तिची समजूत घातली. मनात म्हटलं, एकटेपणानं डोक्यावर परिणाम झाला बाईच्या.

मग एक दिवस तिनं नवं गाणं पाठवलं.

मी हेडफोन लावले.

पंखा. खाली कुठेतरी एक स्कूटर.

आणि अगदी माईकजवळ, स्पष्ट... काका.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मजेत गुणगुणत होते. मध्ये एकदा खाकरलेसुद्धा.

मावशीचा आवाज कुठेच नव्हता.

मी लगेच फोन लावला. "मावशी, यात तू कुठेयस?"

पलीकडून तिचा आवाज फार बारीक आला. "आहे की गं. जीव तोडून गायलेय." मग जरा थांबून, "आणि ते? ते आहेत?"

"आहेत."

ती हसली. किती महिन्यांनी हसली होती. "मग राहू दे तसंच. मला तरी कुठे कुणाला ऐकवायचंय?"

त्यानंतर दर फोनला तिचा आवाज आणखी बारीक होत गेला. मी म्हणायचे, मोठ्यानं बोल. ती म्हणायची, ओरडतेच आहे.

गेल्या रविवारी फोन केला. लगेच उचलला गेला.

"मावशी?"

पंख्याची घरघर... आणि गुणगुणणं.

आणि माझ्या तोंडून, जुन्या सवयीनं, निघून गेलं, "काका, मावशीला द्या ना जरा फोन."

गुणगुणणं थांबलं.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला फरफटत आतल्या खोलीकडे गेल्या...

मी कितीतरी वेळ धरून होते. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धावत तिच्याकडे गेले. मावशीनं दार उघडलं. ठणठणीत. समोरासमोर आवाजही खणखणीत. म्हणाली, "काल? काल फोन वाजलाच नाही गं." चहा टाकायला आत गेली, गात गात. चेहऱ्यावर असं समाधान मी काका गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आता तिच्याशी बोलायचं तर मला तिच्या घरी जावं लागतं. फोन लावायला हात होत नाही.

काकांनी उचलला आणि या वेळी ते बोलले, तर मी काय बोलू?