किल्ल्याच्या मातीची चव

"थुंका! आधी थुंका ती!"

किल्ल्याच्या पडक्या तळघरात, जिथं कधी ऊन पोचत नाही, तिथं मी चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटले होते. त्या ओरडण्यानं ती सरळ घशात गेली. खोकत वळून पाहिलं, तर एक अनोळखी तरुण: गळ्यात कॅमेरा, हातात माइकची तार, आणि चेहरा असा, जणू मी जीवच द्यायला निघाले आहे.

"गिळली ना तुमच्यामुळे!"

"तुम्ही माती... खाता?"

"चाखते. आमचं चांदी जडवलेलं बिदरी भांडं काळं होतं ते ह्याच मातीत उकळून. कुठली चालेल, हे जीभच सांगते."

"मलाही द्या ना जराशी."

"ही चव घराबाहेर देत नाहीत."

"मग घरात यायला काय करावं लागेल?"

मेला! पहिल्याच भेटीत!

त्याचं नाव शुजात. बेंगळुरूला डिझाइन शिकत होता. धातू काळा कसा पडतो ते आवाज, चित्रफीत आणि उजेडातून दाखवायचं, हा त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. आमच्या कारखान्यात तो मातीत माइक पुरून बसे, उकळत्या कढईकडे कान देई. मी हसायची. हसण्यासारखं घरात तेवढंच होतं.

अब्बांच्या जिभेला कॅन्सर होता. दहा दिवसांनी हैदराबादला ऑपरेशन, आणि जीभ जवळजवळ सगळी काढणार होते. त्या जिभेवरच तर आमचा कारखाना चालला होता! आता ती चव मला शिकायची होती आणि मला काही केल्या येत नव्हती. मी निवडलेल्या मातीत उकळलेली सुरई राखेसारखी करडी निघाली. चांदीची वेल त्यात दिसेचना.

"पुन्हा," अब्बा म्हणाले.

हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मातीच्या बारा पुड्या मांडल्या. तोंडभर जखमा. माती लागली की डोळ्यांतून पाणी यायचं. शुजातनं आवाज टिपायचं यंत्र बंद केलं.

"चाचा, हे नाही ऐकवत मला."

"चालू कर. पोरीला लागेल." आणि एकेक चिमूट घेत ते बोलत राहिले. "ही खारट... फेक. ही आधी आंबट, मग जीभ ओढते, मग गार पडते... सफूरा, बेटा, ही."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. शुजातनं पाण्याचा पेला पुढे केला. बोटांना बोटं लागली... आणि त्यानं ती लगेच काढली नाहीत.

ऑपरेशननंतर अब्बा बोललेच नाहीत. शुजात परत गेला. अब्बांचा आवाज आता कुठल्याशा प्रदर्शनाच्या दालनात येणारेजाणारे ऐकणार, ह्या विचारानं माझं डोकं फिरलं. मी त्याचे फोन उचलले नाहीत. आवाज मागायलाही अभिमान आडवा आला. सुरया करड्याच निघत राहिल्या.

दोन महिन्यांनी तो दारात उभा. हातात पेनड्राइव्ह.

"हा आवाज आता दुसरीकडे कुठंच नाही."

"आणि प्रदर्शनात?"

"नाही लावला. नुसती कढई उकळताना दाखवली. परीक्षक म्हणाले, ह्यात माणूस कुठाय? काठावर पास केलं."

"का पण?"

"त्यात चव आहे ना... घराबाहेर देत नाहीत."

मला तो त्या क्षणी इतका आवडला, की त्या आवडण्याचाही राग आला.

आठ दिवस तो आवाज लावून मी चाखत बसले. नवव्या दिवशी सुरई निघाली ती काळीभोर, चांदीची वेल लखलखीत! अब्बांनी खाटेवर पडल्या पडल्या ती छातीशी धरली. ते फार दिवसांचे सोबती नाहीत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी पुडीतून चिमूट घेतली आणि शुजातच्या तळहातावर ठेवली. तो माझ्याकडे बघू लागला.

"घ्या," मी म्हणाले. "अब्बा... घरात घेताहेत तुम्हाला."

त्यानं ती जिभेवर ठेवली.

"काय लागतं?"

"आधी आंबट..." तो म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

मी त्याचा हात धरला. अब्बांच्या समोरच.