बाबांचा घास

थापा मारायची मला सवय नाही. आईच्या नावाने तर नाहीच. मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट, मसोलीच्या एका केअर सेंटरमधली. वेळ भर दुपारी एकची. भुताला रात्रच लागते, असं कुणी सांगितलं?

मी देवकी, समुद्रकाठच्या झाई गावची. माझी आई हिराबाई सगळं विसरली होती. मलाही. शेवटी तोंडातला घास गिळायचंही विसरायला लागली.

डॉक्टर म्हणाले, नळीने अन्न देऊन आयुष्य वाढेलच असं नाही, घेईल तेवढं हाताने भरवा. माझा भाऊ जतीनही तेच म्हणाला. पण एकेका घासाला दहा मिनिटं लागायची, आणि मला नोकरी. मीच हट्टाने नाकातून नळी घालायला लावली.

आई नळी ओढायची. म्हणून हातांना पट्ट्या बांधल्या.

सही माझीच.

चौथ्या दिवशी गेले तर... पट्ट्या सुटलेल्या. घडी करून उशाशी ठेवलेल्या. नळी जागेवर.

मी तिथल्या नर्स शीतलवर डाफरले.

"ताई, देवाशपथ आम्ही नाही सोडल्या," ती म्हणाली. "रोज एक वाजता असंच होतं."

मी आईच्या तोंडाशी वाकले...

सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास. ओठावर भाताचं शीत.

तिथलं स्वयंपाकघर शाकाहारी आहे हो!

आणि खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीखाली... ओली वाळू.

बाबांची बोट वीस वर्षांपूर्वी समुद्रात गेली ती परतलीच नाही. तेव्हापासून आई जेवायला बसली की पहिला घास त्यांच्यासाठी बाजूला काढायची. एक दिवस चुकली नाही. ती सेंटरला गेली आणि घरातला तो घास मी बंद केला.

आई चावत होती. सावकाश... समोरच्याला कसलीच घाई नसल्यासारखी.

"आई, कोण भरवतंय गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हतीच. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली.

त्याच दिवशी मी नळी काढायला लावली. रजा टाकली. घरून कालवण-भात नेला, मऊ कालवून तिच्या ओठाला लावला. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

नळी काढल्यापासून पाचव्या दिवशी एक वाजता ती गेली. मी तिचे हात धरून ढसाढसा रडले. मनगटांवर पट्ट्यांचे वळ तसेच होते.

आता मी रोज दोन घास काढून ठेवते. बाबांचा एक वाजता संपलेला असतो. मांजराने खाल्ला म्हणाल. दारं-खिडक्या मी स्वतः लावते.

आईचा घास शेजारीच असतो... तसाच.

माझ्या हातचं ती अजून खात नाही.