हातभर अंतर

त्रेसष्ट सालची गोष्ट सांगतो. नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत मला टेलिफोनची तार टाकायची होती. काम किरकोळ होतं. आमचे मिस्त्री रंगराव यांनी निघताना नेहमीचं बजावलं, "सहदेव, इजेच्या तारेपासून हातभर दूर घेजो. नाही तं फोनमंदी नुसतं गुणगुणते."

पण मला घाई होती. बायको, अन्नपूर्णा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी देऊळगाव राजाला गेली होती आणि मला दुपारची एसटी गाठायची होती. भिंतीवर विजेच्या तारेची लाकडी पट्टी तयारच होती. तिच्यावरच मीही माझी तार ठोकून टाकली. म्हटलं, कोण बघतंय.

तार जोडतो न जोडतो तोच ट्रंक कॉल आला. देऊळगावहून, माझ्यासाठीच; मी इथे कामावर आहे म्हणून एक्स्चेंजने इकडेच जोडून दिला होता. आत नुसती घूं घूं. मेव्हण्याचा, मोतीरामचा आवाज ओळखला, पण शब्द एकही कळेना. बाळ झालं असेल असं वाटून मी ओरडलो, "थांबा, मी येतो."

ते थांबले. डॉक्टर तिला जालन्याला हलवा म्हणत होते आणि मोतीराम विचारत होता, नेऊ का. जावयाच्या होकाराशिवाय लेकीला हलवायची आमच्यात रीत नव्हती. मी पोचलो तेव्हा ती गेली होती. बाळ पोटातच. मीच मारलं दोघांना, दुसरं काय म्हणू.

महिन्याने कचेरीची तक्रार आली, फोन गुणगुणतो. मी गेलो. रविवारची दुपार, जिनिंग बंद, मेन स्विच खाली ओढलेला. सरकीचा कोंदट वास. तार उखडून समोरच्या भिंतीवर घेतली, विजेपासून चांगली चार हात लांब. जोडायची अजून बाकी होती, दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. उगाच रिसीव्हर कानाला लावला.

"अवो... आता येतंय आयकू."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"जाऊ का जालन्याला? समदे तुमच्यासाठीच थांबलेत..."

"जा," मी म्हणालो. "जा अन्नपूर्णा... थांबू नको..." आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडलो.

पुढच्या आठवड्यात सासुरवाडीला गेलो. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी यातलं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. त्याच हळू म्हणाल्या, "जावईबापू, जालन्याला न्यायला तिचं गठुडं बांधलं होतं. खुंटीवरच होतं, हात लावायचा धीर झाला नाही कुणाचा. रविवारी दुपारपासून दिसंना. घरात मी एकटीच होते... दाराला आतून कडी होती."

मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "बाळाचं टोपडंबी त्यातच होतं."